तळ्यात घातक शेवाळ कशामुळं येतं? कपडे धुतल्यामुळं का?

"आमच्या गावच्या तळ्यावर उन्हाळ्यात हिरवा जाड थर येतो, जनावरं पाजायला भीती वाटते. बायका तिथं कपडे धुतात म्हणून हे होतं का?" असं तुम्ही विचारलंय. शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

हाच शोध आमच्या चिकोडीकडच्या गावात आमच्या भावजींनी लावला होता. सभा भरली, त्यात बाई एकही नाही, आणि तळ्यावर पाटी लागली. वर कन्नडात, खाली मराठीत: कपडे धुण्यास सक्त मनाई. आम्ही धुण्याच्या बादल्या घेऊन बोअरवर जायला लागलो. पुढच्या चैत्रात तळं आधीपेक्षा जास्त हिरवं! मग भावजी म्हणाले, गणपतीच्या रंगामुळं. गणपती भाद्रपदात बुडतो, थर चैत्रात येतो. मधले महिने तो रंग काय करत होता ते त्यांनाच माहीत. शेवटी शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) आणून ओतला. मासे उलटे होऊन काठाला लागले आणि घाण वास पार देवळापर्यंत.

तळ्याच्या वरच्या अंगाला काय आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. ऊस आहे, त्यातला बराच भावजींचा. भर लावताना 10:26:26 खत, त्यावर डीएपी, वर युरिया. शेजाऱ्यानं चार पोती टाकली की आपली पाच. खतातला पिकाला न लागलेला फॉस्फरस मातीला चिकटून राहतो आणि वळवाच्या पावसात मातीसकट तळ्यात उतरतो. गावचं गटारही तिथंच सोडलेलं. हे सगळं गाळात साठतं. उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातला फॉस्फरस परत पाण्यात सुटतो. पाणी आटलेलं, तापलेलं, जागचं न हलणारं; निळ्या-हिरव्या शेवाळाला आणखी काय पाहिजे? कॅनडात 1973 साली एका तळ्यात मधोमध पडदा लावून प्रयोग केला. नायट्रोजन आणि कार्बन दोन्हीकडं, फॉस्फरस एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. तिथं कोण धुणं धूत नव्हतं.

मोरचूद तर टाकूच नका. शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात येतं. त्यातलं मायक्रोसिस्टिन यकृतावर जातं आणि पाणी उकळून ते जात नाही, त्यामुळं "उकळून प्या" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

काठी फिरवून बघा. केसांसारखे धागे उचलून आले तर बहुतेक साधं शेवाळ. नुसता रंग काठीला लागला तर ते निळं-हिरवं असू शकतं; म्हशी लांब ठेवा, कुत्रंसुद्धा. अर्थात प्रत्येक हिरवा थर विषारी नसतो. खात्री प्रयोगशाळेतच होते, नजरेनं नाही.

आणि हो, काही धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असतं, तेव्हा तळ्यात धुवू नये हे मलाही मान्य आहे. पण पोत्यांचा हिशेब सोडून चमच्यांचा हिशेब मांडायचा, हे कुठलं शहाणपण?

माती तपासून खत टाका, गटार वळवा, काठाला गवताची रुंद पट्टी सोडा. आमच्याकडं ती पट्टी भावजींच्या बांधापासून सुरू करावी लागेल, आणि त्याच्या ठरावाला परत सभा लागेल. भावजी, त्या सभेला बायकांना बोलवा.