जुन्या गाडीचं इंजिन : आधी तपासणी, मग सुटे भाग

या अंकातले सगळे प्रश्न घरच्या घरी जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्या वाचकांचे आहेत. गाड्या वेगवेगळ्या असल्या तरी इंजिनं एकाच घराण्यातली : चार सिलिंडर, कार्बुरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगांना क्रमाने स्पार्क वाटणारा भाग; पॉइंट म्हणजे त्यातला उघडमीट होणारा विजेचा संपर्क). उत्तरांतले आकडे अशा इंजिनांना सर्वसाधारणपणे लागू पडतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तोच धरा.

प्रश्न : गाडी दहा-बारा वर्षं एका जागी उभी होती. इंजिन चांगलं होतं, असं आधीचे मालक सांगतात. नवी बॅटरी लावून सेल्फ मारून पाहावा का?

उत्तर : नको. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात तीन ठिकाणी धोका असतो : सिलिंडरला गंजून चिकटलेल्या रिंगा (पिस्टनभोवतीची कडी), गाइडमध्ये, म्हणजे आपल्या नळीत, अडकलेला व्हॉल्व्ह आणि कोरडी पडलेली बेअरिंग. सेल्फचा जोर एवढा असतो की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला जोर पोहोचवणारा दांडा) वाकतो किंवा रिंग तुटते, आणि नुसत्या साफसफाईवर भागलं असतं तिथे इंजिन खोलावं लागतं.

बॅटरीची वायर सोडून ठेवा. प्लगभोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते, आणि मग चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ५ मि.लि., म्हणजे चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये घालून क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. नाही फिरलं तर पान्याला पाइप जोडून जोर करू नका. पुन्हा ऑइल सोडा, दोन-चार दिवस थांबा, मग किंचित पुढे, किंचित मागे असं हलवत सोडवा. घाई न केल्यास अशी पुष्कळ इंजिनं न खोलता मोकळी होतात.

हे करताना टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) काढलेलं असू द्या. इंजिनाच्या दोन पूर्ण फेऱ्यांत आठही व्हॉल्व्ह एकेकदा खाली जाऊन परत वर यायला हवेत. एखाद्या रॉकरखाली, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीखाली, अचानक मोठा गॅप दिसला, तर तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे. त्या सिलिंडरचा पिस्टन खाली घ्या, व्हॉल्व्हच्या दांड्याला गंज सोडवणारं ऑइल लावा आणि प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोके द्या. तो मोकळेपणाने वर-खाली होईपर्यंत पुढचं पाऊल टाकू नका.

आता ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेल्या ऑइलसोबत काळा गाळ आला, तर ऑइल चेंबर उतरवून पंपाची जाळी धुवा. जाळी तुंबलेली असेल तर नव्या ऑइलचा काहीच उपयोग नाही. मग बॅटरी जोडून, प्लग बाहेरच ठेवून आणि कॉइलची वायर काढून सेल्फ १० सेकंदांच्या टप्प्यांत मारा. मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. ऑइलचा दिवा विझला आणि रॉकरवर ऑइल पाझरताना दिसलं की बेअरिंगपर्यंतही ऑइल पोहोचलं असं समजा.

जुन्या टाकीतलं पेट्रोल वापरूच नका. त्याचा चिकट थर होतो आणि कार्बुरेटरमधली बारीक छिद्रं, म्हणजे जेट, बुजतात. पहिल्या स्टार्टसाठी झाकणाचा छोटा कॅन, ताजं पेट्रोल आणि नवी रबरी नळी पुरते. पॉइंटवर जमलेला ऑक्साइडचा पातळ थर हे स्पार्क न येण्याचं इथलं सर्वांत नेहमीचं कारण आहे : बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमधून ओढून काढा, कारण पॉलिशची पूडही करंट अडवते. रेडिएटरमध्ये पाणी भरा. गाडी उघड्यावर आणा, हाताशी पावडरचा अग्निशामक ठेवा आणि मगच स्टार्ट करा. दहा सेकंदांत ऑइलचं प्रेशर दिसलं नाही, तर लगेच बंद करा.

प्रश्न : कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची चाचणी, केली. पहिल्या दोन सिलिंडरना १३५ आणि १३० पीएसआय आले, तिसऱ्या-चौथ्याला ७० आणि ६५. रिंगा बदलाव्या लागतील का?

उत्तर : या आकड्यांवरून रिंगांचा संशय कमी आणि हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) जास्त येतो. रिंगा सहसा चारही सिलिंडरमध्ये थोड्याफार सारख्या झिजतात. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम निम्म्यावर आले, म्हणजे त्या दोघांमधली गॅस्केटची अरुंद पट्टी जळालेली असण्याची शक्यता मोठी.

तरी हेड खोलायच्या आधी टेस्टची खात्री करून घ्या. इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली, आणि प्रत्येक सिलिंडरला गेजवर सारखेच, पाच-सहा झटके. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग फसवं असतं, कारण सिलिंडरला हवाच पुरेशी मिळत नाही. ८:१ कॉम्प्रेशनच्या निरोगी इंजिनात १२० ते १५० पीएसआय मिळायला हवेत. मात्र आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा : तो १० ते १५ टक्क्यांच्या आत असेल, तर काळजी नाही.

मग टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला गॅप. गॅप शून्यावर आलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) घेऊन बसलात, की अर्ध्या तासात हे कळतं आणि खर्च काहीच नाही. त्यानंतर तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून टेस्ट पुन्हा घ्या. रीडिंग झपकन वाढलं, तर गळती रिंगांजवळ. जवळपास तेवढंच राहिलं, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

कॉम्प्रेसर असेल तर नक्की जागा सापडते. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, अशा स्थितीत आणा. गिअर घालून हँडब्रेक ओढा, कारण हवा सोडताच क्रँक फिरू शकतो आणि पुलीवर पाना राहिला असेल तर तो हाताला लागतो. प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि ऐका. कार्बुरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर गॅस्केट पाण्याच्या वाटेकडे फुटलं आहे. तुमच्या बाबतीत चौथ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून हवा येते का, ते पाहा. आली तर प्रश्न मिटला.

हेड काढताना इंजिन पूर्ण थंड हवं. नट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा. एकच नट एकदम मोकळा केला तर हेड वाकतं. काढलेल्या हेडवर पोलादी सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खालून ०.०५ मि.मी.ची पाती सरकते का पाहा. सरकत असेल, तर फेसिंगशिवाय (मशीनवर सपाट करून घेतल्याशिवाय) नवं गॅस्केट टिकणार नाही. ब्लॉकचा माथाही असाच तपासा. तो बरेच जण विसरतात. बोल्टच्या बंद भोकांत पाणी किंवा ऑइल साठलेलं असेल, तर ते काढून कोरडं करा. बोल्ट आवळताना त्या द्रवाला वाट मिळत नाही आणि ब्लॉकला चीर जाते. इंजिन वेट लायनरचं (पाण्यात बसणाऱ्या सुट्या सिलिंडर नळ्यांचं) असेल, तर हेड निघाल्यावर क्लॅम्प लावल्याशिवाय क्रँक अजिबात फिरवू नका. लायनर उचलला जातो आणि खालचं सील गळतं.

प्रश्न : गाडी अर्धा तास छान चालते, मग गुदमरून बंद पडते. वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होते. कॉइल बदलली, कार्बुरेटर दोनदा साफ केला, फरक नाही.

उत्तर : हा दोष गाडी थंड असताना सापडत नाही आणि म्हणूनच त्यावर इतके सुटे भाग वाया जातात. बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत तपासलं, तरच खरं कारण हाती लागतं. गाडीत एक जादा प्लग, १२ व्होल्टचा टेस्ट बल्ब आणि मल्टिमीटर ठेवा.

गाडी थांबली की बॉनेटकडे जाण्याआधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी मिनिट-दोन मिनिटांत सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. पेट्रोल संपत जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंप हरतो. रंगकाम झालेल्या गाड्यांत हे हमखास आढळतं. छिद्रावर रंग बसलेला असतो.

झाकण निर्दोष असेल तर स्पार्क. जादा प्लग वायरीला लावून त्याचं अंग इंजिनाच्या धातूला, कार्बुरेटरपासून दूर टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. निळा, कडाडणारा स्पार्क आला तर इग्निशन ठीक. पिवळा, बारीक किंवा अजिबात नाही, तर दोष इथेच आहे. तेव्हा पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शमवणाऱ्या छोट्या भागावर, घ्या. तो गरम झाल्यावर गळू लागतो आणि थंड झाला की मीटरवर निरोगी दिसतो, म्हणून त्याची खरी परीक्षा बदलून पाहणं हीच. दुसरा कंडेन्सर डिस्ट्रिब्युटर न उतरवताही लावता येतो : वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि अंग बॉडीच्या उघड्या धातूला. फक्त आतल्या जुन्या कंडेन्सरची वायर आधी सोडा, नाहीतर तो करंट खातच राहील. पॉइंटवर काळपट जळका डाग असेल, तर संशय आणखी पक्का.

तुम्ही कॉइल बदललीच आहे, तर नवीन कॉइलचा प्रकार तपासा. साध्या १२ व्होल्ट कॉइलच्या प्रायमरीचा (१२ व्होल्टच्या बाजूच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास असतो, बॅलास्ट रेझिस्टरवर (करंट कमी करणाऱ्या जोड-रेझिस्टरवर) चालणाऱ्या कॉइलचा १.५ च्या आसपास. वायरिंग नवं करताना बॅलास्ट गाळला गेला आणि १.५ ओहमची कॉइल थेट १२ व्होल्टवर बसली, तर दुप्पट करंट ओढून ती अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतकी तापते. पॉइंटही त्याच वेगाने जळतात.

स्पार्क चांगला निघाला तर पेट्रोल. एअर क्लीनर काढून कार्बुरेटरच्या तोंडात पाहा आणि ॲक्सिलरेटर दाबा. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची पिचकारी दिसायला हवी. पिचकारीच्या जागी कोरडेपणा असेल, तर पेट्रोल नळीतच उकळून वाफ अडकली आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये हे लवकर होतं. एक्झॉस्टजवळून जाणारी नळी दूर वळवा, कार्बुरेटरखालचा इन्सुलेटर जागेवर आहे ना पाहा आणि इंजिनवर बसलेल्या पंपाला व एक्झॉस्टला मध्ये पत्र्याची आड द्या. उलट, पेट्रोलचा दर्प आणि ओले प्लग दिसले, तर गरमीने कार्बुरेटरमधल्या फ्लोटच्या कप्प्यातलं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत) उतू गेलं आहे. तेव्हा चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा; पंपिंग करू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. कॉइल, कंडेन्सर आणि पंप एकाच दिवशी बदलले, तर गाडी बरी झाली तरी कशाने, ते कळत नाही.

प्रश्न : इंजिन सुरू झालं, पण निळा धूर येतो.

उत्तर : धूर केव्हा येतो ते सांगितलं नाहीत, आणि सगळं त्यावरच आहे. उतारावर गिअरमध्ये पाय सोडून उतरल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की लोट निघत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यांची सील. चढावर जोर देताना सतत येत असेल, तर रिंगा. सकाळी पहिल्या मिनिटात येऊन थांबत असेल, तर रात्रभर गाइडवरून ओघळलेलं ऑइल जळतं आहे. ती घाई करण्यासारखी बाब नाही. बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात रिंगा खोबणीत चिकटलेल्या असतात. तीनशे-चारशे कि.मी. चालवल्यावर, ऑइल बदलून, पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. पुष्कळदा आकडे वाढतात.

प्रश्न : डिस्ट्रिब्युटर साफ करून परत बसवला. आता इंजिन पकडत नाही, कार्बुरेटरमधून फटाके फुटतात.

उत्तर : तो १८० अंशांनी उलटा बसला आहे, असं धरून चाला. पुलीवरची खूण दोन फेऱ्यांत दोनदा जुळते, त्यातली एकच खरी. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. अंगठा बाहेर ढकलला गेला, की तो कॉम्प्रेशनचा फेरा. त्याच फेऱ्यात खूण जुळवा आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा) पहिल्या वायरीकडे आहे का ते पाहा. पुढच्या वायरी रोटर फिरतो त्या दिशेने लावा. क्रम बहुतेक चार सिलिंडर इंजिनांत १-३-४-२ असतो.

टायमिंगच्या, म्हणजे स्पार्कची वेळ जुळवण्याच्या, आधी पॉइंटचा गॅप ०.४ मि.मी. करा. नंतर केलात तर टायमिंग पुन्हा हलेल. मॅन्युअलमधल्या अंशावर इंजिन नेहमी चालीच्या दिशेनेच आणा. खूण ओलांडली तर बरंच मागे जाऊन परत या, नाहीतर चेनचा ढिलेपणा मोजमापात येतो. टेस्ट बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला जोडा आणि इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्युटरचं अंग आधी रोटरच्या दिशेने, बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग उलट दिशेने हळूहळू आणा. बल्ब लागतो त्या क्षणी पॉइंट उघडतात, तिथेच क्लॅम्प आवळा. आवळल्यावर पुन्हा एकदा पाहा, कारण क्लॅम्प ओढताना अंग किंचित सरकतं. काम झालं, की किल्ली बंद करा. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू राहिलं, तर कॉइल थांबलेल्या गाडीतही तापून निकामी होते.