बघवेना, कसंनुसं आणि फुकटची लाज

प्रश्न असा आला आहे: “मी चित्रपटांवर लिहितो. काही प्रसंग पाहताना भीतीने डोळे मिटावेसे वाटतात. काही प्रसंगांत पडद्यावरचं पात्र स्वतःची शोभा करून घेत असतं आणि लाज मात्र मला वाटते. तेव्हाही डोळे मिटावेसेच वाटतात. पहिल्यासाठी ‘भयानक’ आहे. दुसऱ्यासाठी ‘ऑकवर्ड’ आणि ‘क्रिंज’ सोडून मराठीत काय आहे? दोन्हींना पुरेल असा एखादा शब्द आहे का?”

आधी त्या ‘भयानक’चंच बघू, कारण तोही वाटतो तितका भरवशाचा राहिलेला नाही. ‘भयंकर’ आणि ‘भयानक’ हे दोन्ही शब्द आपण इतके वापरले की त्यांतलं भय झिजून नुसता जोर शिल्लक राहिला. बाळ भयंकर गोड असतं, गर्दी भयानक असते. ‘अभिनय भयानक आहे’ असं परीक्षणात लिहिलंत तर वाचक ती शिवी समजेल. ‘भयाण’ मात्र अजून शाबूत आहे. त्याला भूत लागत नाही, रिकामेपण आणि शांतता पुरते. ओस घराचा लांबच लांब बोळ भयाण असतो, सुरा घेऊन धावणारा माणूस नसतो. ‘भेसूर’ला बिघडलेला चेहरा किंवा आवाज लागतो. लहान मुलाच्या तोंडून म्हाताऱ्याचा आवाज आला की तो भेसूर. ‘भीषण’ अपघाताला आणि युद्धाला चिकटला आहे, तो बातम्यांना देऊन टाकावा.

भीतीच्या वाक्प्रचारांची मराठीत लयलूट आहे: घाबरगुंडी उडणे, बोबडी वळणे, दातखीळ बसणे, गाळण उडणे, पाचावर धारण बसणे. पण यांतला जवळजवळ प्रत्येक वाक्प्रचार हसत हसत वापरायचा आहे. बोबडी वळते ती दुसऱ्याची, किंवा आपली कालची. ‘त्या प्रसंगात माझी पाचावर धारण बसली’ असं लिहिलं की दिग्दर्शकाची सगळी मेहनत विनोदात जाते. भीती खरी असेल तर मराठी माणूस अवयवांकडे वळतो: छातीत धस्स झालं, पोटात गोळा आला, काळजाचा ठोका चुकला, अंगावर काटा आला. यांतही क्रम आहे. दार उघडायच्या आधी धाकधूक असते. दार उघडून काहीतरी अंगावर येतं तेव्हा आपण दचकतो. सिनेमा संपल्यावर घरच्या अंधाऱ्या जिन्यात जो उरतो तो धसका. परीक्षणकर्त्याने हे तीन वेगळे ठेवले तरी अर्धं काम झालं. नुसता दचकवणारा सिनेमा आणि धसका बसवणारा सिनेमा यांची किंमत एक नाही.

दचकण्याला जुन्या नाट्यविचारात स्वतंत्र खण आहे. भरतमुनीच्या नाट्यशास्त्राने आठ स्थायी (टिकून राहणाऱ्या) भावांत ‘भय’ घेतलं आणि तेहतीस व्यभिचारी (येऊन-जाऊन असणाऱ्या) भावांत ‘त्रास’ वेगळा मांडला. वीज कडाडणे, उल्का पडणे अशा अवचित गोष्टींनी जो हिसका बसतो तो त्रास. भय टिकतं, त्रास येतो आणि जातो. आवाज मोठा करून प्रेक्षकाला खुर्चीतून उडवणाऱ्या आजच्या हमखास युक्तीला संस्कृतात तयार नाव आहे म्हणायचं, फक्त मराठीने तो शब्द डोकेदुखीला आणि शेजाऱ्यांना देऊन टाकला. (तरी ‘तो सिनेमा त्रास देतो’ या वाक्याला आता वेगळीच गंमत येते.)

शब्दांच्या आडवाटेने जायची सवय असणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘हॉरर’ ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा मूळ अर्थ ताठ उभं राहणे, केस उभे राहणे. संस्कृतातला ‘हृष्’ हा त्याचा सख्खा भाऊ, आणि त्यावरून ‘हर्ष’. म्हणजे हॉरर आणि हर्ष एकाच घरातले. गीतेत अर्जुनाचे हातपाय गळतात तेव्हा ‘रोमहर्षश्च जायते’, आणि शेवटी संजयाला तो सगळा संवाद ऐकून ‘अद्भुतं रोमहर्षणम्’ वाटतो. अंगावरचे केस दोन्हीकडे तेच. भीतीने ते उभे राहिले की आनंदाने, याचा केसांना पत्ता नसतो. पैसे देऊन घाबरायला जाणाऱ्या माणसाचं कोडं निदान भाषेपुरतं तरी इथे सुटतं.

आता प्रश्नाचा अवघड भाग, आणि ‘अवघड’ हा शब्दच इथे कामाचा आहे. एकाच अंगावर फार वेळ बसलं की पाय अवघडतो: ना हलवता येत, ना ठेवता येत. तोच शब्द मनाला लावून आपण ‘अवघडल्यासारखं झालं’ म्हणतो. ‘ऑकवर्ड’ला याहून चांगला शब्द शोधायची गरज मला वाटत नाही. (दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात म्हणून नातं जोडू नका. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘उलट्या दिशेला वळलेलं’ असा जुन्या नॉर्स भाषेतला शब्द आहे. हा निव्वळ योगायोग.)

पण तुमच्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या असाव्यात, अशी शंका येते. चार वडीलधाऱ्यांसोबत बसलेलो असताना पडद्यावर शृंगार सुरू होतो. कुणी खोकतं, कुणी पाणी प्यायला उठतं, कुणाला अचानक मोबाईलमध्ये महत्त्वाचं काहीतरी सापडतं. इथे प्रसंगात काहीच खोट नाही. एकट्याने पाहिला असता तर कदाचित आवडलाही असता. खोट आहे ती शेजारच्या खुर्चीत. हे खरं अवघडणं. याला ‘संकोच’ही चालेल, आणि तो शब्द मुळात किती देहाचा आहे बघा: आकसणे, आवळून घेणे, आकुंचनातलंच ते. ‘क्रिंज’चाही मूळ अर्थ अंग चोरणे, आकसणे असाच आहे. दोन भाषांनी एकच हालचाल पाहून शब्द केला. पुढे आपला संकोच पाहुणचारात गेला (‘संकोच करू नका, घ्या अजून’) आणि त्यातला पीळ सुटला.

दुसरा प्रकार वेगळा. पात्र भर सभेत चुकीच्या माणसाला प्रेमाची कबुली देतं. लग्नात कुणीतरी माईक हातात घेतो आणि विनोद सांगू लागतो, कुणी हसत नाही, तरी तो थांबत नाही. आपण एकटे आहोत, खोली रिकामी आहे, तरी उशी तोंडावर ओढतो. इथे शेजार नाही, इथे लाज आहे, आणि ती आपली नाही.

लाजेचे आपले शब्द इथे तपासून बघा. ‘वरमणे’ म्हणजे आपली चूक कळून खाली येणे. ‘ओशाळणे’ म्हणजे पकडलं गेल्यावर किंवा उपकाराखाली दबल्यावर होतं ते. ‘खजील’ अरबीतून फारसीमार्गे आला, पण काम तेच. ‘कानकोंडं होणे’ म्हणजे चारचौघांत तोंड कुठे लपवावं ते न कळणे. हे सगळे शब्द ज्याने केलं त्याचे आहेत. माईकवाला वरमेल, ओशाळेल, खजील होईल. प्रेक्षकाने कशासाठी व्हावं? शिवाय बहुतेक वेळा माईकवाल्याला काही कळलेलंच नसतं, आणि तिथेच तर आपण मरतो. २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हाच मुद्दा तपासला होता: समोरच्याला स्वतःची फजिती जाणवत नसली तरी पाहणाऱ्याला लाज वाटते, आणि त्या वेळी मेंदूतले जे भाग जागे होतात ते दुसऱ्याची वेदना पाहतानाही जागे होणारे आहेत.

इतर भाषांनी यासाठी नामं केली आहेत. जर्मनमध्ये ‘फ्रेम्डशाम’, म्हणजे परकी लाज. त्याचं क्रियापद २०१० साली ऑस्ट्रियात वर्षाचा शब्द म्हणून निवडलं गेलं. स्पॅनिश ‘वेर्ग्वेन्सा आखेना’ म्हणजेही दुसऱ्याची लाज. फिनिश लोक ‘सह-लाज’ म्हणतात, डच लोक ‘बदली लाज’. मला डच आवडला: जणू मूळ कलाकार आजारी पडल्यामुळे आपल्याला लाजायला उभं केलं आहे.

मग मराठीत असंच नाम घडवावं का? ‘परलज्जा’ हा शब्द सरकारी वाटतो, तो कुणाच्या तोंडून निघणार नाही. ‘उसनी लाज’ मला बराच काळ मोहात पाडत होती. पण उसनं हसू आणि उसनं अवसान यांत ‘उसनं’चा अर्थ ‘नसलेलं, वरवर आणलेलं’ असा होतो, तेव्हा उसनी लाज म्हणजे लाजण्याचं नाटक ठरेल. नेमकं उलटं. ‘फुकटची लाज’ मात्र बोलीत बसते. फुकटचा ताप, फुकटचा मनस्ताप यांच्या रांगेत ती उभी राहते, आणि आपला काही संबंध नसताना आली हा अर्थही नीट येतो. गप्पांत वापरून पाहा. परीक्षणात विनोदी ठरेल, तिथे जपून.

विशेषणच हवं असेल, ‘हा सीन क्रिंज आहे’ यातल्यासारखं, तर ‘केविलवाणा’ घ्या. केविलवाणा विनोद, केविलवाणी कबुली. फरक एवढाच की ‘क्रिंज’ म्हणणारा नाक मुरडून बाजूला होतो आणि ‘केविलवाणा’ म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडी कणव राहते. मला तो फरक मराठीच्या बाजूने पडलेला वाटतो, पण नाकच मुरडायचं असेल तर ‘क्रिंज’ खुशाल लिहा. शब्द आला आहे, रुळला आहे, त्याला हाकलून काही मिळणार नाही.

आणि प्रेक्षकाला जे होतं, त्याला शब्द आहे: कसंनुसं. ‘कसंतरी’ नव्हे. कसंतरी पोटातही होतं, आणि काम उरकण्याच्या पद्धतीलाही आपण तेच म्हणतो. ‘कसंनुसं’ जवळजवळ फक्त याच कामाला ठेवलेला आहे. ‘तो कसंनुसं हसला’ या तीन शब्दांत आतली लाज, ती लपवायची धडपड आणि ती न लपल्याचं दिसणं, सगळं आलं. या लपवण्याला नाट्यशास्त्रात ‘अवहित्थ’ म्हटलं आहे: चेहऱ्यावर जे उमटतंय ते झाकणे. त्याची कारणं देताना लज्जा आणि भय ही दोन्ही शेजारी दिली आहेत. तुमच्या दोन्ही प्रसंगांत तुम्ही डोळे का मिटता, या प्रश्नापाशी ते शास्त्र दुसऱ्या बाजूने पोचलं होतं. तिथे झाकणारं पात्र आहे, इथे प्रेक्षक.

मात्र पात्राचं भय आणि प्रेक्षकाचं भय एक नव्हे, हे नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने दहाव्या-अकराव्या शतकात बजावून ठेवलं आहे. त्याचं उदाहरण शाकुंतलाच्या पहिल्या अंकातलं, दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून वळवून पळणारं हरीण. प्रेक्षक ‘मी घाबरलो’ असंही अनुभवत नाही आणि ‘ते हरीण घाबरलं’ असंही नाही. भीती कुणाचीच नसते, आणि तरी ती समोर थरथरत असते. फुकटच्या लाजेचं तंतोतंत असं होत नाही. ती अगदी आपलीच होऊन बसते, कान तापवते. रसाच्या हिशेबात हे कुठे बसवायचं यावर खुशाल वाद घाला, मला ते हास्याच्या दाराशी अडकलेलं करुण वाटतं.

राहिला शेवटचा प्रश्न, दोन्हींना मिळून एक शब्द. परीक्षणात सर्रास येणारा ‘अस्वस्थ करणारा’ कृपया नको. त्याचं आता पदक झालं आहे. ‘अस्वस्थ करणारा चित्रपट’ म्हणजे गंभीर, सामाजिक, चार तारे. माईकवाल्या काकांचा प्रसंग अस्वस्थ करणारा होता असं लिहिलंत तर वाचक त्यात व्यवस्थेवरचं भाष्य शोधत बसेल.

तुमचा एक शब्द नामात नाही, क्रियापदात आहे: बघवेना. शाळेच्या व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणत, आणि धातूला लागणारा तो एक ‘व’ केवढं काम करतो पाहा. पुढे खांब आला तर ‘बघता येत नाही’. पडदा स्वच्छ दिसतोय, डोळे धड आहेत, तरी आतून कुणीतरी नकार देतं, तेव्हा ‘बघवत नाही’. करणारा ‘मी’ नसतोच, ‘मला’ बघवत नाही, ‘माझ्याने’ बघवत नाही. रक्त, भूत, सुरा, माईक, चुकलेली कबुली, कशानेही हे होऊ शकतं. आणि याच घरातलं दुसरं भावंड जोडीला घेतलं की बोटांच्या फटीतून पाहणारा प्रेक्षक पूर्ण होतो: बघवतही नाही आणि राहवतही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी लिहिताना भीतीच्या प्रसंगाला ‘बघवेना, छातीत धस्स झालं’ असं लिहा आणि लाजेच्या प्रसंगाला ‘बघवेना, कसंनुसं झालं’. वडीलधाऱ्यांसोबत पाहिला असेल तर ‘अवघडलो’ म्हणा, आणि त्यासाठी दिग्दर्शकाचा अर्धा तारा कापू नका.