व्हर्च्युअल मशीनचा आयपी दिसतो, पण त्यावर जाता येत नाही. खरा आयपी कुठे बघायचा?

तुम्ही लिहिलंय की विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) उबंटू टाकलं, आत १०.०.२.१५ असा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिसतोय, पण पुट्टीतून (दुसऱ्या मशीनवर दुरून आज्ञा द्यायचा प्रोग्राम) तो लागत नाही, म्हणजे तो खोटा असणार.

खोटा नाहीये हो. व्हर्च्युअलबॉक्स नव्या मशीनला आपणहून 'नॅट' जोडणी देतो, आणि त्यात पहिल्या नेटवर्क कार्डाला हाच पत्ता मिळतो. तुमच्याकडेही हाच, माझ्याकडेही हाच. मी पहिल्यांदा दोन मशीन एकदम चालू केली तेव्हा दोन्हीकडे १०.०.२.१५ बघून पत्ते भिडले असं वाटलं आणि अख्खी संध्याकाळ त्यात घालवली. भिडलं काहीच नव्हतं. नॅटमध्ये प्रत्येक मशीनपुढे एक वेगळा लुटुपुटीचा राउटर असतो, १०.०.२.२ या पत्त्यावर. प्रत्येक सोसायटीत फ्लॅट १०२ असतोच, तसं. आतून बाहेर इंटरनेटवर जाता येतं, पण बाहेरून, अगदी तुमच्या विंडोजवरूनही, थेट आत शिरता येत नाही.

घरातल्या इतर मोबाइल-लॅपटॉपवरूनही त्या मशीनवर जायचं असेल, तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली नॅटच्या जागी 'ब्रिज्ड ॲडॉप्टर' निवडा, म्हणजे घरचा राउटरच त्याला पत्ता देईल. खालच्या नावात तुमचं चालू वाय-फाय किंवा लॅन कार्डच आलंय ना, ते बघा. उबंटू पुन्हा सुरू करून टर्मिनलमध्ये 'आयपी', मग एक जागा सोडून 'ए' हे अक्षर, असं इंग्रजीत टाका. १२७.०.०.१ सोडून द्या, तो ज्याचा त्याचाच असतो. दुसऱ्या कार्डासमोर १९२.१६८.१.२३ सारखं काही दिसेल. '/२४' ही शेपटी वगळून उरतो तो तुमचा आयपी. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही असं समजा. होस्टेल-ऑफिसच्या वाय-फायवर ब्रिज बऱ्याचदा असाच रुसतो.

पण तुम्हाला फक्त स्वतःच्याच विंडोजवरून पुट्टी लावायचंय ना? मग पत्ता शोधूच नका. मीही शोधत नाही. राउटरने दिलेला पत्ता आज एक, उद्या दुसरा. नॅट राहू द्या. त्याच पानावर 'पोर्ट फॉरवर्डिंग'मध्ये एक ओळ वाढवा: होस्ट (तुमचं विंडोज) पोर्ट २२२२, गेस्ट (आतलं उबंटू) पोर्ट २२, आयपीचे दोन्ही रकाने रिकामे. पुट्टीत पत्ता १२७.०.०.१ (इथे तो तुमच्या विंडोजचाच) आणि पोर्ट २२२२.

तरीही जमलं नाही, तर उबंटूत एसएसएच सर्व्हर (पुट्टीची जोडणी स्वीकारणारा प्रोग्राम) आहे का ते बघा. डेस्कटॉप आवृत्तीत तो आधीपासून नसतो. ओपनएसएसएच-सर्व्हर नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं.