कुस्तीतून जिउ-जित्सूत आलात, तर आधी काय शिकायचं: पास, स्वीप की सबमिशन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालमीत काही वर्षं कुस्ती केली, आता पुण्यात ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासला जाताय, यूट्यूबवरून डाव ढीगभर गोळा झालेत, पण रोलिंगमध्ये (सरावाच्या झुंजीत) एकही लागत नाही. वर, वजनाला हलकी ब्लू बेल्टवाली (व्हाइट या पहिल्या पट्ट्याच्या पुढची) पोरं मागून गळा आवळतात. तर आधी गार्ड पास (खालच्याचे पाय ओलांडणं) शिकू, स्वीप (खालून त्याला उलटवून वर येणं) शिकू की सबमिशन (गळा किंवा सांधा आवळून हार मानायला लावणं)? आणि यंदा व्हाइट बेल्टच्या स्पर्धेत उतरू का?

गळ्याचं आधी सांगतो, कारण तुमचं निम्मं दुखणं तिथेच आहे. चितपट झालं की कुस्ती संपली, हे तुमच्या अंगात मुरलंय. त्यामुळे कुणी वरून दाबायला लागला की पाठ वाचवायला तुम्ही पालथे होता. मातीत ते बरोबरच आहे. इथे मात्र तेवढ्यात समोरचा पाठीवर बसतो, दोन्ही पायांचे हुक मांड्यांच्या आत घालतो, त्याचे चार गुण होतात आणि मग हात गळ्याखाली सरकतो. पाठ टेकण्याला इथे शिक्षा नाही. पाय मधे असतील तर ती चक्क लढायची जागा आहे, तिलाच गार्ड म्हणतात. तेव्हा दाब आला की पालथं न होता कुशीवर व्हा, कोपर आणि गुडघा एकमेकांना भिडवा आणि कंबर मागे सरकवून पुन्हा पाय मधे आणा. हे हाडात उतरेपर्यंत बाकी डाव बाजूला ठेवलेत तरी चालेल.

आता मूळ प्रश्न. पास, स्वीप, सबमिशन हे तीन वेगळे विषय म्हणून शिकू नका. एक जागा धरा, क्लोज्ड गार्ड (पाय त्याच्या कंबरेभोवती बांधलेला) घ्या, आणि तिथे एकच गोष्ट ओळखायला शिका: समोरच्याचं वजन आत्ता कुठे आहे. कुठला डाव लागणार हे त्यावर ठरतं.

सिझर स्वीप बघा. एका हातात त्याच्या गीची (जाड सुती पोशाखाची) कॉलर, दुसऱ्यात बाही. गार्ड उघडून कुशीवर व्हायचं, वरच्या पायाची नडगी त्याच्या पोटावर आडवी, खालचा पाय मॅटला चिकटून त्याच्या गुडघ्याशी. इथे बहुतेक नवशिके लगेच पायांची कात्री मारतात, आणि समोरचा ढिम्म हलत नाही. आधी कॉलर ओढून त्याला आपल्या नडगीवर घ्यायचं. त्याचे गुडघे मॅटवर हलके झाले की मगच कात्री. आणि बाही त्याच बाजूची धरायची ज्या बाजूला पाडायचंय, नाहीतर तो हात टेकून वाचतो. स्वीपचे दोन गुण, आणि तुम्ही वर.

पण तो ओढला जात नाही, टाचांवर बसून मागे रेलतो. छान! वजन मागे गेलं म्हणजे हिप बम्प. त्याच्यासोबत उठून बसा, एक हात मागे टेका, दुसरा त्याच्या खांद्यावरून नेऊन दंड पकडा आणि कंबर उचलून त्याला उलटा. पडू नये म्हणून त्याने तोच हात मॅटवर टेकला तर किमुरा (तो हात मागे पिळून खांदा अडकवणं). जोर लावून परत पुढे आला तर त्याची मान आपसूक तुमच्या काखेत येते, गिलोटिन (पुढून मान आवळणं) लावा. म्हणजे एका स्वीपच्या तोडीतून दुसरा स्वीप आणि त्याच्या तोडीतून दोन सबमिशन. वस्ताद डावासोबत त्याची तोड आणि तोडीची तोड शिकवतात, तेच हे. म्हणून पन्नास सुटे डाव पाहण्यापेक्षा ही एक साखळी घोटा.

किमुरा नाव पडलं ते मासाहिको किमुरा या जपानी जुदोपटूवरून. 1951 साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्याने याच पकडीने ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्या एलिओ ग्रेसीचा हात मोडला. एलिओने टॅप केलं नाही (हाताने थापटून हार मानली नाही), शेवटी भाऊ कार्लोसने टॉवेल टाकला. गोष्ट रंगवून सांगतात, पण क्लासमध्ये एलिओ होऊ नका. सांध्याचा डाव बसला की टॅप करा. तालमीतून आलेल्यांना यात कमीपणा वाटतो आणि मग खांदा धरून दोन महिने घरी बसावं लागतं. पायाच्या डावांत तर जास्त जपा. हील हुकमध्ये (टाच पिळून गुडघा मुरगळणाऱ्या डावात) दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचे लिगामेंट गेलेले असू शकतात. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत तो फक्त गीशिवायच्या स्पर्धेत, प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टनाच मोकळा आहे, तोही 2021 पासून. व्हाइट बेल्टला पायाचा सरळ अँकल लॉक तेवढा चालतो.

पासिंगची काळजी तुम्ही कमी करा. वरून दाब द्यायचं तुम्हाला शिकवावं लागणार नाही. नी कट घ्या: तुमचा गुडघा त्याची मांडी तिरकी कापत पलीकडे जातो. त्यात भांडण पायांचं दिसतं, पण निकाल बगलेत लागतो. त्याच्या पलीकडच्या बगलेत तुमचा हात गेला आणि जवळची बाही वर ओढून धरली तर तो सपाट. तिथे त्याचा हात आधी तुमच्या बगलेत गेला तर तो उठून तुमच्या पाठीवर येतो. म्हणून बगल मिळाल्याशिवाय गुडघा पुढे ढकलू नका. पाय ओलांडल्यावर छाती आणि डोकं लावून तीन सेकंद धरा, तेव्हाच पासचे तीन गुण मिळतात. कुस्तीवाले इथे घाई करून सरळ गळ्याकडे जातात आणि पुन्हा गार्डमध्ये अडकतात.

रोलिंगमध्ये निदान काही महिने मुद्दाम खालून सुरुवात करा. तुम्ही रोज पट काढून (पाय धरून पाडून) वर बसलात तर गार्ड येणारच नाही, आणि एखादा जड गडी वर आला की सगळं उघडं पडेल. कोचना सांगून गार्डपासूनच सुरू होणारे राउंड मागा: वरच्याने पास करायचं, खालच्याने स्वीप किंवा सबमिशन, काही झालं की पुन्हा तिथूनच. अशा राउंडला आधी हलका जोडीदार घ्या, पण त्याच्यावर ताकद वापरू नका, नाहीतर वजन कुठे आहे हे कळणारच नाही.

स्पर्धेत बिनधास्त उतरा. टेकडाउनचे (उभ्याने पाडण्याचे) दोन गुण तुम्हाला बहुतेकांपेक्षा सोपे जातील. फक्त एकेरी पट काढताना डोकं त्याच्या अंगाच्या आतल्या बाजूला, छातीला चिकटून ठेवा. बाहेर राहिलं तर पडता पडता तो गिलोटिन लावतो, आणि वर असूनही टॅप तुम्हालाच करावं लागतं. पाडल्यावर लगेच गार्डमध्ये उडी घेऊ नका, त्याचे पाय धरून उभे राहा, श्वास घ्या, मग नी कट. माऊंट (त्याच्या अंगावर चढून बसणं) मिळालं तर चार गुण, पण पहिल्या स्पर्धेत टेकडाउन, पास आणि छातीचा दाब एवढ्यावरही लढत निघते. गी मात्र आधी कोचना दाखवून घ्या, बाहीची लांबी तपासतात आणि तोकडी निघाली तर मॅटवर सोडत नाहीत.