काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा का पडतात? त्या बुजवाव्यात का?

माती सुकून आकसते म्हणून भेगा पडतात, आणि रान मोकळं असेल तर त्या बुजवायच्या भानगडीत पडू नका. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती भरपूर असते. तिच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशी भेग दिसते ती यामुळेच. वळवाचं पाणी आधी तिच्यातूनच खाली मुरतं. बाहेरून माती आणून भरणं म्हणजे निव्वळ हमाली. उभं पीक असेल तर मात्र गोष्ट वेगळी: भेगांतून ओल उडते, मुळं तुटतात. कोरडवाहू रब्बी ज्वारीत साधारण आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं (पिकाच्या ओळींमधली माती हलवायचं दात असलेलं औजार) चालवतात ते या भेगा बुजाव्यात म्हणूनच.