हॉलिवूडवरून घेतलेले हिंदी ॲक्शन थ्रिलर पाहावेत, की थेट मूळ चित्रपटच पाहावा?

मूळ इंग्रजी चित्रपट सहज मिळत असताना त्यावरून उचललेला हिंदी थ्रिलर का पाहावा, असे आपण विचारले आहे. नेमका हाच प्रश्न साताऱ्याच्या आमच्या दाजींनी 2003 च्या मे महिन्यात, सांगलीतील आमच्या घरी, भरल्या पंगतीत मला विचारला होता.

मी तेव्हा ‘कांटे’ या हिंदी चित्रपटाने भारावलो होतो. चित्रपटगृहात तो तीनदा पाहिला होता आणि सहा दरोडेखोरांत लपलेला पोलीस ही अफलातून कल्पना आपल्याच माणसाची आहे, असे मी सर्वांना सांगत सुटलो होतो. दाजींनी काही न बोलता पिशवीतून ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ची, म्हणजे ज्यावरून ‘कांटे’ उचलला त्या इंग्रजी चित्रपटाची, व्हीसीडी काढली आणि जेवणानंतर ती सर्वांसमोर लावली. गोदामात रक्तबंबाळ पडलेला माणूस आणि शेवटी एकमेकांवर रोखलेली पिस्तुले पाहताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. दाजी एवढेच म्हणाले, “काय हो, तुमचा आपला माणूस?” जावयाला उलट बोलण्याची आमच्या घरी रीत नसल्याने मी मुकाट्याने पानाचा डबा पुढे केला.

पुढे काही वर्षांनी मला समजले, की 1992 च्या त्या चित्रपटाच्याही आधी, 1987 मध्ये, दिग्दर्शक रिंगो लॅम यांचा ‘सिटी ऑन फायर’ हाँगकाँगमध्ये येऊन गेला होता. त्यातही टोळीत शिरलेला पोलीस आहे, जवाहिऱ्याकडचा दरोडा आहे आणि तीच रोखलेली पिस्तुलेही आहेत. दाजींना हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी पावसाचा विषय काढला.

माझे मत स्पष्ट आहे : उसनवारीत पाप नाही, आळसात आहे. आमच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संशयकल्लोळ’ मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतले आणि मर्फीनेही ते मोलियर या फ्रेंच नाटककाराकडून उचलले होते. तरीही त्यातला फाल्गुनराव परका आहे, असे सांगलीत कोणी म्हणून दाखवावे. ‘कांटे’ने निदान मूळ चित्रपटात पडद्याआड राहिलेला दरोडा सविस्तर दाखवला. याउलट ‘गजनी’ने ‘मेमेंटो’ या इंग्रजी चित्रपटातील, स्मृती टिकत नसलेल्या नायकाची गोंदणे आणि छायाचित्रे घेतली, पण कथा उलट्या क्रमाने सांगण्याची रचना, जी त्या चित्रपटाचा प्राण होती, ती सोडून दिली. नायिकेचा भाग मात्र लोभस आहे, हे मान्य करावे लागेल.

तेव्हा आधी हिंदी पाहावा, मग मूळ. उलट क्रमाने पाहिल्यास माणूस केवळ चुका मोजत बसतो, जसे दाजी बसतात. अर्थात ‘बँग बँग’सारखे रीतसर हक्क घेऊन केलेले चित्रपट या वादात येत नाहीत, आणि मूळ निर्मात्याचे नावही न घेणे ही चोरीच आहे, तेवढ्यापुरते दाजींचे बरोबर होते.

ती व्हीसीडी अजून माझ्याच कपाटात आहे. त्यांनी ती मागितलेली नाही.