तो म्हणाला होता, "दोन वर्षं थांब"

"माई, नमस्कार. मी सांगलीची, वय ५८. हे साखर कारखान्यात क्लार्क होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून २५ लाख पोस्टात सीनियर सिटिझनच्या स्कीममध्ये ठेवलेत. पेन्शन महिन्याला २,९०० रुपये. एकच मुलगा, पुण्यात आयटीत आहे, लग्नाला चार वर्षं झाली, वाकडला भाड्याने राहतात, भाडं २२ हजार, म्हणजे दर महिन्याला पैसे पाण्यात. परवा माझ्या जावेच्या मुलाची वास्तुशांत झाली, पुनावळ्याला, ८० लाखाचा टू बीएचके. पंगतीत सगळ्यांसमोर मला विचारलं, तुमचा अजून भाड्यानेच का? मला घास गिळवेना. मी ठरवलंय, ते २५ लाख मोडून मुलाला द्यायचे. हे नको म्हणतात, पहिल्यापासून हात आखडताच. मुलाला फोनवर म्हणलं तर 'आई, घराचं आत्ता नको, दोन वर्षं थांब' म्हणाला. त्याचा स्वभावच संकोची, तोंडाने कधी मागणार नाही. सून काही बोलत नाही. आमचं घर गावभागात, २०१९ च्या पुरात पाणी आलं होतं पण तेव्हाच सगळं नीट करून घेतलं, त्यामुळं आम्हाला आता काही खर्च नाही. हे पैसे बक्षीस म्हणून द्यावेत की हातउसने? आणि यांना कसं समजवू? – एक आई"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, किती जीव आहे या बाईचा पोरावर. तिसऱ्यांदा वाचताना मला तुमचा राग आला, आणि तो मी लपवणार नाहीये.

एवढ्या पत्रात तुमच्या मुलाचं बोलणं एकदाच आलंय. "आई, घराचं आत्ता नको, दोन वर्षं थांब." बास. आणि ते वाक्य संपतंय न संपतंय तोवर तुम्ही वरून झाकण ठेवून मोकळ्या, म्हणे स्वभावच संकोची. अहो, संकोची माणूस "राहू दे" म्हणतो, "बघू नंतर" म्हणतो, "कशाला उगाच" म्हणतो. दोन वर्षं असा आकडा तो देत नाही. आकडा मोजल्याशिवाय येत नाही ताई. कधीतरी रात्री जेवणं झाल्यावर नवरा-बायकोने बसून काहीतरी मोजलंय, आणि त्याचं उत्तर दोन वर्षं आलंय. दोनच का, असं तुम्ही त्याला विचारलंत? पत्रात तरी तसं कुठं दिसत नाही. घरभर सगळ्यांनी काय करायचं ते ठरवून झालं, पोस्टातली ठेव मोडायची ठरली, नवऱ्याला कसं वळवायचं तेही मला विचारून झालं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्यानं सांगितलेली एकच गोष्ट ऐकायची राहून गेली.

काय असेल ते मला माहीत नाही. नोकरी बदलायचं चाललं असेल, कंपनीत माणसं कमी करतायत म्हणून धाकधूक असेल, लग्नाच्या वेळचं एखादं पर्सनल लोन अजून फिटायचं असेल, सुनेची बदली बंगळुरूला होणार असेल. चार वर्षं झाली लग्नाला, मूल हवं म्हणून डॉक्टरकडं फेऱ्या चालू असतील आणि तिथं पैसा जात असेल, हे आईला फोनवर कोण सांगतं? किंवा त्याला पुण्यात राहायचंच नसेल. सून काही बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत ना, तिच्या न बोलण्याचं कारणही याच दोन वर्षांत असेल.

आता तुमच्या २५ लाखांकडं येऊ, कारण तुम्हाला वाटतंय की तुम्ही त्याला घर देताय. ते तसं नाहीये, जरा कागद-पेन्सिल घेऊन बसा माझ्याबरोबर. जावेच्या मुलासारखा ८० लाखाचा फ्लॅट धरू. बँक त्यातले फार तर ८० टक्के देते, म्हणजे ६४ लाख, उरलेले १६ लाख आपले घालायचे. त्यावर पुण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, ५ लाख ६० हजार (एकट्या सुनेच्या नावावर घेतला तर १ टक्का कमी, पण ते असो), रजिस्ट्रेशनचे ३० हजार, आणि बिल्डिंग अजून बांधून व्हायची असेल तर ५ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ४ लाख. हे बँक सहसा कर्जात धरत नाही. झाले की नाही २६ लाखांच्या आसपास? म्हणजे तुमच्या यांच्या आयुष्यभराच्या नोकरीचा पैसा किल्ली हातात यायच्या आधीच संपला, ग्रिल आणि किचन ट्रॉली तर अजून लांबच.

आणि त्या दिवसापासून तुमच्या मुलाच्या मानेवर ६४ लाख बसले. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं तर महिन्याला साडेपंचावन्न हजारांचा हप्ता, असे २४० हप्ते. बिल्डिंग बांधून व्हायची असेल तर तोपर्यंत वाकडचं २२ हजार भाडं सुटत नाही ते वेगळंच, आणि बँक तर जेवढे पैसे बिल्डरला दिले त्याचं व्याज लगेच चालू करते. तुम्ही भाड्याला पाण्यात पैसे म्हणता, तर हेही ऐका, त्या पहिल्या हप्त्यातले ४५ हजारांच्या वर नुसतं व्याज असतं, मुद्दल जेमतेम दहा हजार फिटतं. त्याचा पगार किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं तुम्हाला माहीतही नसावा. मग हा हप्ता त्याला झेपेल की नाही हे कुणी बघितलंय? त्याने. आणि तो म्हणाला दोन वर्षं थांब.

आईने २५ लाख पुढ्यात आणून ठेवले की त्याला नाही म्हणता येणार नाही, कारण संकोची तो आहेच, पण भलत्या ठिकाणी. तुमचं मन मोडायला तो संकोच करेल आणि सही करून टाकेल. मग रात्री दोन वाजता छताकडं बघत पडेल आणि तुम्हाला फोनवर "मस्त आहे आई" म्हणेल.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आपल्याकडं साताऱ्यात घ्या, कराडला घ्या, इस्लामपूर, सांगली, कुठल्याही कॉलनीत मान वर करून गच्च्या बघा, कॉलमच्या सळया वर सोडलेल्या दिसतात, पुढंमागं मुलाचा मजला चढवायचा म्हणून. आमच्याही साताऱ्याच्या घरावर होत्या. माझा थोरला नाशिकला नोकरीला लागला तेव्हा एकदा चहा पिता पिता म्हणाला होता, बाबा माझं धरून वर काही बांधू नका. आम्हाला दोघांनाही वाटलं, पोरगं गुणी आहे, बापाचा खर्च वाचवतंय. २००४ साली यांच्या फंडातून उचल घेऊन मजला चढवला, त्याला न सांगता, सरप्राईज. तो आला, जिना चढून वर गेला, दोन्ही खोल्या बघितल्या, टाइल्स छान आहेत म्हणाला आणि खाली येऊन गप्प जेवला. नाशिकलाच राहिला तो, तिथंच मुलं झाली, आता तर तिथं घरही झालं. आमच्या वरच्या मजल्याला कुलूप आहे. दिवाळीला येतो तेव्हा जिन्याकडं बघत नाही, मी बघितलंय, मान खाली घालून बॅग आत आणतो. आमच्या दोघांचं आजही अर्धं बोलणं त्या मजल्यावरून होतं, लाइट बिल भरलं का, टाकी गळतीय का. त्याने एकदा तोंडाने सांगितलं होतं, आणि आम्ही ते चांगला स्वभाव म्हणून खुंटीला टांगून ठेवलं. म्हणून तुमचं ते वाक्य वाचून माझा हात थांबला.

तुमच्या यांच्याबद्दलही बोलायचंय. हात आखडता म्हणालात, बरं वाटलं नाही. ज्या माणसाची पेन्शन २,९०० रुपये आहे त्याला त्या २५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्याला ५१,२५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला सतरा हजार. तुमचा किराणा, गॅस, बीपीच्या गोळ्या, लग्नकार्याचा आहेर, सगळं त्यावर चाललंय. स्कीम पाच वर्षांची, मधेच मोडली तर दोन वर्षं झाल्यावरही १ टक्का कापतात, ते २५ हजार तर पोस्टाच्या खिडकीवरच गेले. त्यानंतर तुम्ही दोघं २,९०० रुपयांत राहणार की दर महिन्याला त्याच मुलाकडं हात पसरणार, ज्याचा साडेपंचावन्न हजार हप्ता चालू झालाय? तुमचे हे कारखान्यात हिशोबच लिहीत होते ना हो इतकी वर्षं? त्यांनी तोंडाने समजावून सांगितलं नसेल, आमच्या पिढीतल्या पुरुषांना ते येत नाही, नुसतं नको म्हणतात आणि पेपर वर धरतात. पण ते बरोबर आहेत. यांना कसं समजवू याचं उत्तर माझ्याकडं नाही, कारण समजवायची गरज त्यांना नाहीये.

आणि आम्हाला आता काही खर्च नाही हे तुम्ही गावभागातून लिहिताय! २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. घरातला चिखल काढून फरशा, वायरिंग, कपाटं, फ्रीज नीट केलं म्हणता, ते पैसे कुठून आणले होते तेव्हा? कुणाकडं मागायला गेला होतात का? नसाल गेला, कारण यांचा पगार चालू होता. आज तो नाही. दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा शहरात पाणी शिरलंच की. ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढवला अशी बातमी आली की सांगलीचा माणूस रात्रभर पाणी किती फुटांवर गेलं ते मोबाईलवर बघत बसतो, आणि तुम्ही म्हणता खर्च नाही.

बक्षीस की हातउसने, एवढ्याचं पटकन सांगते. आईवडिलांनी मुलाला दिलेल्या पैशावर त्याला इन्कम टॅक्स लागत नाही, बँकेतून द्यायचे आणि साध्या कागदावर लिहून ठेवायचं. एकदा बक्षीस दिलं की ते आपलं राहत नाही. पण हा प्रश्न आज नाहीच आहे, कारण कुणी पैसे मागितलेले नाहीत.

मुलांना घरासाठी मदत करूच नये असं मी म्हणणार नाही. मी स्वतः माझ्या धाकटीला दिलेत पैसे, मागितल्यावर दिले, तिच्या आकड्याप्रमाणे दिले, आणि आमचं भागेल एवढं ठेवून दिले. तिने वहीत लिहून आणलं होतं, किती कमी पडतायत, कधीपर्यंत लागतील. तुमचा मुलगाही दोन वर्षांनी असा वही घेऊन येईल कदाचित. तेव्हा काढा पासबुक, तोवर तुमची पोस्टाची मुदतही बरीचशी सरलेली असेल. पंगतीत ज्या बाईने विचारलं तिला पुढच्या वेळी सांगा, हो भाड्यानेच आहे, आणि पुढचा घास घ्या. ती तुमच्या मुलाचा हप्ता भरणार नाहीये.

आत्ता एकच करायचं. फोन करू नका, फोनवर पोरं खोटं बोलतात, मायेपोटी बोलतात पण खोटंच. स्वारगेटची एसटी धरा, शनिवारी सकाळची. भडंग घ्या, सुनेला आवडत असेल तर शेंगदाण्याची चटणी घ्या, पासबुक कपाटातच राहू दे आणि घर, फ्लॅट, वास्तुशांत, जाऊबाई यातला एकही शब्द दिवसभर काढू नका. रात्री जेवणं झाली की विचारा, "बाळा, दोन वर्षं म्हणालास, ते का?" आणि मग गप्प बसा. अगदी गप्प. मधे त्याचं वाक्य पुरं करू नका, तुमची ती सवय पत्रातसुद्धा दिसली मला. तो काही बोलला नाही तर रविवारी सकाळी सुनेबरोबर भाजी आणायला जा आणि तिला विचारा. कारण काही का निघेना, तिथल्या तिथं त्यावर उपाय सांगू नका, ऐका आणि घरी या.

यांनाही बरोबर न्या. ते घर सोडून यायला कुरकुर करतील, तरी न्या. पोरगं बापाला जे सांगेल ते तुम्हाला नाही सांगणार, आणि हिशोबाचं काही निघालंच तर ते त्यांनाच लवकर कळेल. आजच स्टँडवर जाऊन रिझर्वेशन करून या, दोन सीट.

– माई